तिसऱ्यांदा मोटर भरली, तेव्हा कुठे तिन्ही फेज लोडवर मोजले

आरामशीन_लकडगंज
१८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या लकडगंजात आमची आरामशीन आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. मुख्य आऱ्यावर १५ एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट, डेल्टा जोडणी (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात), पाटीवर २०.५ अँपिअर. फेब्रुवारीत जळाली, भरून, म्हणजे नवीन वाइंडिंग करून आणली. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा जळाली, पुन्हा भरली. मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

दुसऱ्या वेळी मी वाइंडिंगवाल्या काकांना त्यांच्या दुकानात चार लोकांसमोर बोललो. तार हलकी वापरता, वार्निश नीट सुकवत नाही, बरंच काही. काका उलटून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "लाइन एकदा बघून घे बाबू." मी दुसऱ्या दिवशी मीटर लावला: ४१४, ४१६, ४१३. लाइन चांगली आहे, असं त्यांना फोनवर ठासून सांगितलं. ते मोजमाप मी सकाळी सात वाजता, मोटर बंद असताना घेतलं होतं. त्या मोजमापाला काडीची किंमत नव्हती, हे आता कळतंय.

तिसऱ्या वेळी काकांनी मला समोर बसवून मोटरचं झाकण काढलं. वाइंडिंगवर चार जागी काळे पट्टे, सारख्या अंतरावर. मधले गट करपून तपकिरी झालेले, पण काळे नाहीत. म्हणजे एकच फेज जळालेला. "तार हलकी असती तर सगळी सारखी जळाली असती," काका म्हणाले.

मग दुकानातून एक जुनी मोटर मागून आणली, बसवली, सागाचा ओंडका लावला आणि आरा लाकडात असताना वायरमनकडून मोटरच्या टर्मिनलवर मोजून घेतलं. दुपारी साडेतीनची वेळ. तिन्ही फेजना आर, वाय, बी म्हणतात: आर-वाय ४१२, बी-आर ३९८, वाय-बी ३८४. करंट २५, २०.५ आणि १५.५ अँपिअर.

हिशेब असा करतात. तिन्ही व्होल्टेजची सरासरी काढायची: ३९८. त्यापासून सगळ्यांत जास्त लांब असलेला आकडा किती लांब आहे ते बघायचं: १४. चौदा भागिले ३९८, म्हणजे साडेतीन टक्के असमतोल. ऐकायला काहीच वाटत नाही. पण करंटचा असमतोल बघा, सरासरी २०.३ आणि फरक ४.८, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. व्होल्टेजमधला फरक करंटमध्ये साधारण सहा ते दहापट होऊन दिसतो.

असं का होतं, हे मला नीट समजायला दोन दिवस लागले, म्हणून लिहितो. तिन्ही फेज सारखे असले की स्टेटरमध्ये (मोटरच्या स्थिर भागात) एकच चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि रोटर (फिरणारा भाग) त्याच्या मागे थोडा कमी वेगाने पळतो. फेज कमीजास्त झाले की त्या मोठ्या क्षेत्रासोबत एक छोटं क्षेत्र उलट्या दिशेने फिरायला लागतं. रोटर तर सुलट पळतोय, म्हणून या उलट्या क्षेत्राला तो जवळजवळ दुप्पट वेगाने कापतो आणि रोटरमध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचा करंट फिरतो. त्या उलट्या भागासाठी मोटर म्हणजे जणू जाम झालेली मोटर. सुरू होताना मोटर सहापट करंट का ओढते, तेच कारण इथे. फरक इतकाच की सुरू होतानाचा तो ओढा काही सेकंदांचा असतो, हा दिवसभराचा. आणि तो काम काही करत नाही, फक्त तापवतो, वर आऱ्याला थोडं मागेही ओढतो.

किती तापवतो? वापरातला नियम असा की असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करायचा आणि दुप्पट करायची. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, दुप्पट साडेचोवीस. म्हणजे मोटरचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा जितकं वर जायला हवं, त्याच्या चौथाई आणखी वर जातं. ८० अंश चढणार असेल तर १०० चढतं.

आता यात नागपूरचा मे महिना टाका. मोटरच्या पाटीवरची ताकद साधारण ४० अंशांची हवा धरून दिलेली असते, काही पाट्यांवर ४५ किंवा ५० लिहिलेलं असतं. माझ्या पाटीवर ४० आहे. शेडमध्ये पत्र्याखाली दुपारी ४५ सहज असतं. ४५ आणि १०० मिळून १४५. माझ्या मोटरचं इन्सुलेशन बी क्लासचं, त्याची मर्यादा १३० अंश. मर्यादेच्या वर दर १० अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य अर्धं होतं असं धरतात. फेब्रुवारीनंतर मोटर दीड-दोन महिनेच टिकली, त्याचं एक कारण या आकड्यांत आहे.

कारण अजून पूर्ण सापडलेलं नाही. सापडलं की लिहितो. तोवर ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहावं. मला काकांची माफी मागायची आहे, पण आधी दोष कुठे आहे ते धरून मग जायचं आहे.

---

वाइंडर_इतवारी
१८ मे, रात्री १०:२५

भाऊ, तुम्ही हे लिहिलं ते लय चांगलं केलं. आमच्या धंद्यात रोज हेच ऐकतो, "तुमची भराई टिकली नाही." जळालेली मोटर बरंच सांगते, पण लोक ती बघतच नाहीत, ताडपत्रीत गुंडाळून आणून टाकतात आणि संध्याकाळी पाहिजे म्हणतात.

मी काय बघतो ते सांगतो. सगळे गट सारखे काळे असले की लोड जास्त, नाही तर तिन्ही फेजचं व्होल्टेज कमी, नाही तर पंख्याची हवा बंद. स्टारमधल्या (तिन्ही वाइंडिंगची टोकं एकत्र जोडलेल्या) मोटरचे दोन फेज कोळसा आणि तिसरा नवाकोरा दिसला, तर एक फेज उडाल्यावर मोटर चालत राहिली. डेल्टात उलटं, एक फेज कोळसा आणि दोन चांगले. फक्त एका कॉइलमध्ये बारीक छिद्र, तांब्याचा मणी झालेला, आणि बाकी सगळं स्वच्छ, तर ते वळशातलं शॉर्ट. लाइनच्या टोकाकडच्या पहिल्याच वळशांत असेल तर वीज कडाडल्यावर आलेला झटकाही असू शकतो.

तुमच्यात बाकीचे दोन फेजही करपले होते म्हणता. फेज अचानक उडाला असता तर मोटर काही मिनिटांत गेली असती आणि बाकीचं वाइंडिंग नव्यासारखं राहिलं असतं. हळूहळू भाजलेलं वाटते हे. ओव्हरलोड रिले, करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा, किती वर लावला होता?

---

आरामशीन_लकडगंज
१८ मे, रात्री १०:५०

२० वर. पाटीवर २०.५ आहे म्हणून.

---

वाइंडर_इतवारी
१८ मे, रात्री ११:०२

स्टार-डेल्टा स्टार्टर आहे ना, मोटर स्टारमध्ये उठवून मग डेल्टात नेणारा? मग रिले मोटरच्या फेजमध्ये बसतो, लाइनमध्ये नाही. तिथून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो. २०.५ चे ११.९. तुम्ही २० वर ठेवला म्हणजे लाइनमध्ये ३४-३५ अँपिअर होईपर्यंत तो हलणारच नाही. रिले असून नसल्यासारखा. जुना रिले बदलताना कोणीतरी पाटी बघून मोठा आणून लावला असेल.

---

आरामशीन_लकडगंज
१८ मे, रात्री ११:१०

हो. मागच्या दिवाळीत बदलला होता. मीच आणून दिला होता.

---

संत्राबाग_काटोल
१९ मे, सकाळी ६:१५

आमच्याइकडे तर हे रोजचंच होऊन राहिलं. बोअरमध्ये साडेसात एचपीची सबमर्सिबल आहे, पाणी ३०० मीटरच्या पाइपाच्या टोकाले. लाइट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) साऱ्या मोटरा एकाच झटक्यात चालू होतात, कारण सर्वांचे ऑटोस्विच लावून आहेत. त्या वेळी मीटर ३२०-३३० दाखवते. माही मोटर घुमते, उचलत नाही, मग ट्रिप. मंग मी दहा मिनिटांनी पुन्हा लावतो तर उठते. मोटर खराब आहे का लाइन? संत्र्याच्या आंबिया बहाराले या दिवसांत पाणी तोडता येत नाही, म्हणून विचारून राहिलो.

---

हिंगणा_मेंटेनन्स
१९ मे, सकाळी ८:३०

काटोलच्या दादा, मोटर ठीक दिसते. जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५ ऐवजी ३३० म्हणजे साधारण ८० टक्के, आणि जोर उरतो ६४ टक्के. मोटर जागेवरून उठायला लागणारा जोर तिथे मिळत नाही, आणि न उठलेली मोटर सुरुवातीचा पाच-सहापट करंट ओढतच राहते. सगळ्यांच्या मोटरी एकदम असं करतात म्हणून व्होल्टेज आणखी बसतं. ऑटोस्विच काढून टाका आणि शेजाऱ्यांशीही बोला. तेवढं होत नसेल तर निदान प्रत्येकाने वेगवेगळा टायमर लावावा, कोणाचा दोन मिनिटं, कोणाचा चार, कोणाचा सहा. पहिली मोटर वेगात आली की तिचा करंट पाच-सहापटीवरून पाटीवरच्या आकड्यावर येतो, मग दुसरीला जागा होते.

आणि केबल बघा. साडेसात एचपीला १३ अँपिअर धरले तर ३०० मीटरला ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये २५-२६ व्होल्ट जातात. अडीचची केबल असेल तर ४० च्या वर. वर पॅनलवर ३९० दिसलं तरी खाली मोटरला ३५० मिळत असतील. बोअर खोल केला, पाइप वाढवला, केबल तीच ठेवली, असं फार होतं.

आता धाग्याच्या विषयावर. आमच्या कारखान्यात असमतोलापेक्षा क्षणिक झोल जास्त त्रास देतात. अवकाळी वादळात फांदी तारेला लागते, व्होल्टेज अर्ध्या सेकंदासाठी ६० टक्क्यांवर येतं आणि परत पूर्ण. दिवा नुसता लुकलुकतो. पण कॉन्टॅक्टरची (मोटर जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल तेवढ्यात सोडते आणि मोटर बंद पडते. मोटरला खरं तर काही झालेलं नसतं, तिचा फिरता भार तिला अर्धा सेकंद सहज ओढून नेतो. बंद पाडतो तो कॉन्टॅक्टर.

मात्र त्यावर उपाय म्हणून लगेच पुन्हा जोडणी करणं धोक्याचं आहे. पुरवठा तुटल्यावर रोटरमधलं चुंबकत्व लगेच मरत नाही, मोटर थोडा वेळ स्वतःच व्होल्टेज तयार करत राहते. वेग कमी होतो तसं ते व्होल्टेज लाइनच्या मागे पडत जातं. नेमकं उलट्या टप्प्यावर असताना लाइन जोडली गेली, तर दोन्हींची बेरीज होऊन झटका बसतो, नेहमीच्या सुरुवातीपेक्षाही मोठा. आमच्या एका ब्लोअरची शाफ्टमधली चावी अशीच कापली गेली होती. हातात घेतली तेव्हा चाकूने कापल्यासारखी गुळगुळीत होती. तेव्हापासून सगळीकडे तीन सेकंदांचा विलंब ठेवला आहे आणि मोठ्या मोटरी एकामागून एक उठतात.

---

कूलर_त्रिमूर्तीनगर
१९ मे, दुपारी २:४०

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. आमच्या मोठ्या कूलरचा पंखा रात्री ९ नंतर हळू फिरतो, आणि दोनदा तर नुसता घूं घूं आवाज करत थांबला होता. घरात आईंना उन्हाचा त्रास होतो, रात्रभर कूलर लागतो. ही मोटरही याच प्रकारची असते का?

---

हिंगणा_मेंटेनन्स
१९ मे, दुपारी ३:१०

हो ताई, तीही इंडक्शनच, फक्त एका फेजवरची, कॅपॅसिटरच्या मदतीने फिरणारी. रात्री सगळ्यांचे कूलर आणि एसी चालू असतात, व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो. पंख्याचं बरं असतं की वेग कमी झाला की त्याचा भारही कमी होतो, म्हणून नुसत्या मंद फिरण्याने तो सहसा जळत नाही. पण घूं घूं करत थांबणं वाईट. थांबलेली मोटर दहा-पंधरा मिनिटांत जळू शकते. वायरमनला बोलावून आधी कॅपॅसिटर मोजून घ्या. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा बराच कमी भरला तर तेवढ्याच आकड्याचा नवा लावायचा, मोठा नाही. आणि स्विच बंद करून पाते हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर बुश गेलाय. आज रात्रीच्या आत करून घ्या.

---

निवृत्त_लाइनमन
१९ मे, संध्याकाळी ७:०५

लोक म्हणतात कोराडी, खापरखेड्याची वीज केंद्रं उशाशी आहेत, मग आमच्याकडे व्होल्टेज का पडतं. केंद्र जवळ असून उपयोग नसतो. तुमचं व्होल्टेज ठरतं ते तुमच्या डीपीवर किती भार आहे, तो तिन्ही फेजवर सारखा वाटलाय का, आणि तुम्ही डीपीपासून किती खांब दूर आहात यावर.

एक गोष्ट मोटरवाल्यांनी लक्षात ठेवा. डीपीच्या वरच्या बाजूचा, ११ केव्हीचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला, तर खाली एक फेज पूर्ण मेलेला दिसत नाही. डीपी वरून डेल्टा आणि खालून स्टार असतो, म्हणून खाली एक फेज बरोबर राहतो आणि दोन फेज अर्ध्यावर येतात. गल्लीत काही घरांत दिवे बरोबर आणि बाकीच्यांत मंद पिवळे, असं दिसलं की समजा डीओ गेला. त्या वेळी चालू मोटरच्या एका वायरीतून बाकी दोघींच्या दुप्पट करंट जातो. ताबडतोब बंद करा.

दुसरं. चालत्या मोटरचा एक फेज गेला तरी मोटर त्या तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभं करते. हलका लोड असेल तर मीटरवर जवळजवळ पूर्ण दिसतं. मी नवीन असताना यात फसलो होतो, तिन्ही फेज आहेत असं सांगून खाली उतरलो आणि माझ्या डोळ्यांदेखत मोटरमधून धूर निघाला. फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर व्होल्टेज बघणारा असेल तर तोही असाच फसू शकतो. करंट बघणारा घ्या.

---

बुटीबोरी_प्लास्टिक
१९ मे, रात्री ८:२०

एवढं करण्यापेक्षा सर्व्हो स्टॅबिलायझर लावून मोकळं व्हा ना. आमच्याकडे आहे, काही त्रास नाही.

---

हिंगणा_मेंटेनन्स
१९ मे, रात्री ९:००

घ्यायचा तर प्रत्येक फेज स्वतंत्र सांभाळणारा घ्यावा लागेल. तिन्ही फेज एकाच सर्व्होने एकत्र वरखाली करणारा असमतोल जसाच्या तसा पुढे पाठवतो. आणि दोष स्टॅबिलायझरच्या पुढे, तुमच्याच स्टार्टरमध्ये असेल तर कोणताच स्टॅबिलायझर कामाचा नाही. लकडगंजच्या दादांनी अजून ते सांगितलेलं नाही. दादा, एक करा. मोटरच्या वायरी एक-एक घर पुढे सरकवा, पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या; स्टार-डेल्टात सहा वायरी असतात, तीन-तीनचे दोन्ही गट सारखेच सरकवा. फिरण्याची दिशा बदलत नाही. मग करंट पुन्हा मोजा. जास्त करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनकडे. मोटरच्या वायरीसोबत सरकला तर दोष मोटरमध्ये.

---

आरामशीन_लकडगंज
२१ मे, रात्री १०:१५

उशीर झाला, दोन दिवस शेडमध्येच होतो.

हिंगण्याच्या ताई, वायरी सरकवून मोजलं. २५ चा करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला. मोटरचा दोष नाही.

मग लोड चालू ठेवून एकेक सांध्यावर दोन्ही बाजूंना मीटरच्या पिना धरून मोजत गेलो. चांगल्या सांध्यावर काहीच दिसायला नको. बी फेजच्या किटकॅट फ्यूजवर ६ व्होल्ट. बाकी दोन्हींवर जवळपास शून्य. मेन स्विच पाडून ग्रिप बाहेर काढली तर तांब्याचा जबडा निळा-जांभळा झालेला, स्प्रिंगचा ताण गेलेला, आणि चिनी मातीवर केसासारखा तडा. रोज शंभराच्या आसपास वॅट तिथे जळत होते आणि वर लाकडाचा भुसा बसत होता. आग लागली नाही हे नशीब. पुढे कॉन्टॅक्टरच्या त्याच फेजच्या पॉइंटवर आणखी ३ व्होल्ट. पॉइंट खडबडीत, काळे.

हे दोन्ही बदलल्यावर असमतोल साडेतीनवरून २.४ वर आला. अजून २.४ का? मीटरजवळच तेवढा येत होता. बाहेरच्यांना दोष द्यायच्या आधी आमचीच शेड बघितली. पट्टीचं पातं जोडायचं वेल्डिंग मशीन, दोन मोठे कूलर, ऑफिसचा एसी, धार लावायचं ग्राइंडर, सगळं एकाच फेजवर. बी. वर्षानुवर्षं जो वायरमन आला त्याने जवळचा फेज धरला. एसी आणि एक कूलर आर वर नेला, ग्राइंडर वाय वर.

आज दुपारी साडेतीनला, ओंडका लावून: ४१०, ४०६, ४०२. सरासरी ४०६, फरक ४, म्हणजे एक टक्का. करंट २१, २०, १९. एक टक्क्याला तापमानाची वाढ दोनच टक्के. साडेतीनला साडेचोवीस होती. वर्ग काय करतो ते बघा.

आमचा मिस्त्री महिनाभरापासून म्हणत होता, "भाऊ, मोटर आवाज बदलून राहिली, सकाळी वेगळी बोलते, दुपारी वेगळी." मी लक्ष दिलं नव्हतं. आज त्याने मोटरच्या अंगावर तळहात ठेवला, चार सेकंद ठेवू शकला, आणि काही न बोलता पुढचा ओंडका लावला.

रिले नवा आणला, ११.९ वर लावला. करंट बघणारा प्रिव्हेंटर उद्या बसतोय.

काकांकडे संध्याकाळी गेलो होतो. जळकी ग्रिप सोबत नेली. ज्या चार लोकांसमोर बोललो होतो त्यातले दोघे तिथे होते, त्यांच्यासमोरच माफी मागितली. काकांनी ग्रिप उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "बाकीच्या दोन बदलल्या का? त्याही तेवढ्याच जुन्या असतील." बदलल्या नव्हत्या. उद्या सकाळी बदलतो.

---

संत्राबाग_काटोल
२२ मे, सकाळी ६:४०

केबल पाहिली. अडीचचीच निघाली. बोअर ८० मीटर खाली नेला तेव्हा जोड देऊन वाढवली होती, जोडही टेपचाच आहे. चारची आणायले नागपूरले येऊन राहिलो. डीपीवरचे नऊ जण आहोत, सहा जण ऑटोस्विच काढाले तयार झाले. तिघांशी आज बोलतो.

---

हिंगणा_मेंटेनन्स
२२ मे, सकाळी ८:१०

दादा, जोड टेपचा ठेवू नका, पाण्याखाली चालणारा जोड करून घ्या आणि मोटर खाली सोडण्याआधी मेगर (इन्सुलेशनची तपासणी) करून घ्या. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट, दोन्ही पाणी येत असताना मोजा आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा.

---

कूलर_त्रिमूर्तीनगर
२२ मे, सकाळी ९:३०

कॅपॅसिटर बदलला. जुना निम्माच भरला. रात्री पंखा एकदाही थांबला नाही, आई झोपल्या. धन्यवाद ताई.